गान्दो येथील शाळा व तिचे देणगीदार

शाळा, दवाखाना किंवा मंडळीचें सभागृह बांधावयाचें ठरलें म्हणजे प्रथम वर्गणीची वही बाहेर निघते. आंकडा जमला, पत्रे आले, कोनशिला बसली, कीं देणाऱ्याचें व घेणाऱ्याचें काम संपलें असें आपण समजतों. पुढें त्या पत्र्याखालीं वैशाखांत मुलें कशीं बसतात हें वही फिरविणारा सहसा विचारीत नाहीं. इमारतीसाठीं दान कसें द्यावें, ह्याविषयीं शिकण्यासारखी एक गोष्ट पश्चिम आफ्रिकेंत घडली आहे. ती आज जरा विस्तारानें सांगतों.

बुर्किना फासो हा देश साहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, समुद्रापासून दूर आहे. उन्हाळ्यांत तेथें पारा 40 अंशांच्या वर जातो, आणि पाऊस थोडेच महिने पण जोरानें पडतो. त्या देशांतील गान्दो नांवाच्या खेड्यांत 1965 सालीं तेथील प्रमुखाच्या घरीं दिएबेदो फ्रान्सिस केरे ह्यांचा जन्म झाला. गांवांत शाळा नव्हती, वीज नव्हती, पिण्याचें स्वच्छ पाणीहि नव्हतें. परंतु आलेलीं पत्रें वाचून दाखविणारा कोणी तरी घरांत असावा अशी बापाची इच्छा होती; म्हणून सात वर्षांच्या वयांत मुलास तेनकोदोगो शहरीं शिकावयास पाठविलें. तेथील शाळेच्या खोलींत अंधार, उकाडा आणि मुलांची दाटी. ती खोली केरे पुढें कधीं विसरले नाहींत.

सुटी संपून शहराकडे निघण्याच्या वेळीं मुलगा घरोघर निरोप घेण्यास जाई. तेव्हां एकेक बाई आपल्या वस्त्राची गांठ सोडून जवळचें शेवटचें नाणें त्याच्या हातावर ठेवी. ह्या बायका माझ्यावर एवढी माया कां करितात, असें त्यानें एकदां आईला विचारलें. तुझ्या शिक्षणाचा खर्च त्या आपल्या परीनें उचलीत आहेत, असें तिनें सांगितलें. तूं शिकून एके दिवशीं परत यावेंस व गांवाचें जिणें सुधारावेंस, अशी त्यांची आशा आहे. ही हकीकत केरे स्वतः सांगतात. आमच्या मतें गान्दोच्या शाळेच्या पहिल्या देणगीदार ह्या बायकाच होत.

सुतारकाम शिकण्यासाठीं शिष्यवृत्ति मिळून केरे 1985 सालीं जर्मनीस गेले. पुढें ते बर्लिन येथील तांत्रिक विद्यापीठांत स्थापत्य शिकूं लागले; पण पदवी हातीं येईपर्यंत थांबले नाहींत. सोबतच्या विद्यार्थ्यांस घेऊन त्यांनीं 1998 सालीं एक संस्था काढली. तिच्या जर्मन नांवाचा अर्थ ‘गान्दोच्या शाळेसाठीं विटा’ असा कांहींसा होतो. दोन वर्षांच्या खटपटीनें सुमारे 50,000 डॉलर जमले.

पैसा जमल्याचें ऐकून गांव आनंदला. पण शाळा मातीची होणार हें कळतांच तो आनंद मावळला. मातीचें बांधकाम पावसाळ्यांत टिकत नाहीं हें तेथील लहान मुलासहि ठाऊक होतें, आणि युरोपांत शिकलेल्या मुलानें तेथून मातीच आणावी! हा आक्षेप मूर्खपणाचा नव्हता, हें आम्हांस मुद्दाम सांगावयाचें आहे. पक्कें घर श्रीमंतासाठीं आणि जुनें तें गरिबासाठीं, असें कोणी म्हणूं लागला तर गरिबास संशय यावा हेंच योग्य. केरे ह्यांनीं लोकांस गप्प बसविलें नाहीं, करून दाखविलें. पुढें शाळा वाढविण्याच्या वेळीं कमानीदार छत टिकेल कीं नाहीं अशी शंका निघाली, तेव्हां लहानसा नमुना बांधून, तो वाळल्यावर त्याच्यावर उड्या मारून दाखविल्या.

आतां इमारतीकडे वळूं. मातींत थोडें सिमेंट कालवून, ती हातयंत्रानें दाबून विटा पाडल्या. अशा विटा भट्टींत भाजाव्या लागत नाहींत, म्हणून सरपण जळत नाहीं. झाडें विरळ असलेल्या मुलुखांत ही गोष्ट लहान नव्हे. जाड मातीची भिंत उन्हाची धग हळूहळू आंत घेते, त्यामुळें दुपारीं खोली तापत नाहीं. पण खरें मर्म छपरांत आहे. तापलेल्या पत्र्याची धग सरळ डोक्यावर कशी उतरते हें आमच्या खेड्यांतील शिक्षकबंधूंस सांगावयास नको. केरे ह्यांनीं पत्रा टाळला नाहीं, कारण पाऊस अडविण्यास तो चांगला. त्यांनीं खोलीवर विटांचेंच छत केलें, त्यांत फटी ठेविल्या, आणि त्याच्या बरेंच वर लोखंडी सळयांच्या कैंच्या करून त्यांवर पत्रा बसविला. खोलींतील ऊन हवा वर चढून फटींतून निघून जाते, आणि तिच्या जागीं खिडक्यांतून ताजी हवा येते. छत व पत्रा ह्यांच्या मधून वारा वाहतो व पत्र्याची धग उडवून नेतो. हें सारें पंख्यावांचून व विजेवांचून होतें. शिवाय पत्र्याची वळचण भिंतींच्या पुष्कळ पुढें काढली असल्यानें पावसाचा मारा मातीस लागत नाहीं. गांवकऱ्यांच्या आक्षेपाचें उत्तर ह्या वळचणींत होतें.

काम गांवानें केलें. मुलांनीं पायासाठीं दगड गोळा केले, बायकांनीं विटांसाठीं पाणी वाहून आणलें. तरुणांस हातकरवत व वेल्डिंगचें लहान यंत्र चालवावयास शिकविलें. मातीची जमीन प्रथम तरुणांनीं ठोकावी, मग त्यांच्या आयांनीं पाणी शिंपडून तासन्‌तास चोपावी, आणि शेवटीं दगडानें घोटून गुळगुळीत करावी, अशी तेथें रीत पडली. चोपण्यानें जमीन करणाऱ्या आमच्याकडील भगिनींस ह्यांत नवल वाटणार नाहीं. नवल इतकेंच कीं, तेंच हातकसब एका नामांकित इमारतींत मानानें बसलें आहे.

ह्या ठिकाणीं देणगीविषयीं दोन शब्द बोलावेसे वाटतात. परगांवच्या ठेकेदारानें माणसें आणून महिन्याभरांत सिमेंटची खोली उभी केली असती, तर देणगीदारांस लवकर छायाचित्र मिळालें असतें. पण मजुरी गांवाबाहेर गेली असती आणि पहिला तडा पडतांच गांवाला पुन्हां हात पसरावा लागला असता. आपल्या वर्गणीच्या वहींत दुरुस्तीचा रकाना बहुधा नसतोच, ही आमची जुनी तक्रार आहे. गान्दोस भिंत सांधणारे गांवांतच आहेत. पैशानें काय विकत घ्यावें आणि काय घेऊं नये हें केरे ह्यांनीं नेमकें ओळखलें: जें गांवापाशीं नव्हतें, म्हणजे लोखंड, पत्रा, यंत्र, शिकवणी, त्यासाठीं परदेशची देणगी, माती, पाणी व हात गांवाचे.

तीन खोल्यांची शाळा 2001 सालीं पुरी झाली. खोल्या एका ओळींत असून त्यांच्या मध्यें छपराखालीं मोकळी जागा आहे. सरकारी अधिकाऱ्यांनीं शिक्षक व त्यांचा पगार दिला. काम शिकलेल्या तरुणांस शहरांतील बांधकामांवर घेण्याचीहि खटपट केली. शेजारच्या दोन गांवांनीं हें पाहून आपापल्या शाळा सहकार्यानें बांधल्या. शाळेस 2004 सालीं आगाखान स्थापत्य पारितोषिक मिळालें, केरे ह्यांस पदवीहि त्याच वर्षीं मिळाली. पुढें शिक्षकांचीं घरें झालीं व वर्ग वाढले. स्थापत्यांतील प्रित्झकर पारितोषिक 2022 सालीं मिळून तो मान मिळविणारे केरे हे आफ्रिकेंतील पहिले ठरले.

ग्रंथालयाचें काम निघालें त्या वेळीं गांवांतील बायकांनीं आपापल्या घरचीं मातीचीं मडकीं उचलून बांधकामावर आणून दिलीं. तीं कापून छतांत बसविलीं. आतां त्यांच्या गोल तोंडांतून उजेड खालीं येतो आणि ऊन हवा वर निघून जाते.