आभा नोंदणी आणि आमदारांचे दार

प्रश्न : मी झरी जामणी तालुक्यात आशा सेविका आहे. पोडांवर (वस्त्यांवर) नेटवर्क नसते, तरी आभा कार्डांची नोंदणी ऑनलाइनच मागतात. हे धोरण बदलायला कोणाकडे जावे?

उत्तर : ताई, आधी दार नीट निवडा. आभा ज्याचा भाग आहे, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन केंद्राचे आहे; २७ सप्टेंबर २०२१ रोजी ते देशभर सुरू झाले. म्हणजे त्याचे नियम खासदारांचा विषय. आणि तुमचा तालुका यवतमाळ जिल्ह्यात असला तरी लोकसभेला चंद्रपूरला जोडलेला आहे, निवेदन भलत्याच कार्यालयात जायला नको! आशांच्या मोबदल्यातला राज्याचा वाटा, उपकेंद्रातले इंटरनेट, कागदी नोंदीची मुभा हे मात्र राज्याकडचे. त्यासाठी वणीच्या आमदारांना भेटा आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बरेच आधी भेटा. अधिवेशन सुरू झाल्यावर तारांकित प्रश्नाची वेळ गेलेली असते. मग लक्षवेधी सूचनेवर भिस्त.

नुसती तक्रार नेऊ नका. कोणत्या पोडावर किती नोंदी अडल्या, हे गावनिहाय, तारखेनिशी एका पानावर लिहा. २०१७ मध्ये कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक बळी गेले. आकडे पुढे आले, गाजले, तेव्हाच सरकारने विशेष तपास पथक नेमले. मोघम गाऱ्हाण्याला अधिकारी मोघमच उत्तर देतात, हा माझा अनुभव.

एक मात्र ध्यानात ठेवा. चौदा अंकी आभा क्रमांक ऐच्छिक आहे. त्याअभावी कोणाचे उपचार अडवले, तर ते निवेदनात सर्वांत वर लिहा. रुग्णाचे नाव मात्र घालू नका. निवेदनाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका.