चुकून हाती आलेले पुस्तक

फ्रान्स देशात ल्वार नदीच्या काठी ब्ल्वा नावाचे गाव आहे. तेथील एका घड्याळजीच्या घरी १८०५ साली झाँ यूजेन रोबेर याचा जन्म झाला. मुलाने कचेरीत बसून लेखणी चालवावी, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु त्याचे मन लहानसहान यंत्रांत रमे. अखेर वडिलांनी आपला आग्रह सोडला व रोबेर घड्याळाचे काम शिकू लागला.

एके दिवशी घड्याळांच्या रचनेवरील ग्रंथ आणण्यासाठी तो पुस्तकांच्या दुकानात गेला. दुकानदाराच्या हातून चूक झाली. रोबेर घरी येऊन पाहतो, तो हाती भलतेच पुस्तक! त्यात शास्त्रीय करमणुकीचे व जादूचे खेळ सांगितले होते. रोबेर ते वाचता वाचता देहभान विसरला.

दुसऱ्याच्या मनातील पत्ता कसा ओळखावा, वस्तू कशी नाहीशी करावी, हे सारे त्या पुस्तकात होते. परंतु खेळ करून पाहू लागताच रोबेर गोंधळला. पुस्तकात खेळाचे गुपित होते. पण ते हातात कसे उतरवावे, हे कोठेच नव्हते.

नाणे नाहीसे करण्याचा साधा खेळ घ्या. उजव्या हातातील नाणे डाव्या हातात दिल्यासारखे दाखवायचे व प्रत्यक्षात उजव्याच हातात लपवायचे, एवढेच त्याचे गुपित. ते एका वाक्यात सांगता येते. पण रिकामी मूठ भरल्यासारखी दिसली पाहिजे, जादूगाराची स्वतःची नजरही त्या मुठीवर खिळली पाहिजे आणि नाणे लपविणारा हात सहज सैल राहिला पाहिजे. यांतले एक जरी चुकले, तरी पाहणाऱ्याला संशय येतो.

रोबेरने पुस्तक फेकून दिले नाही. गावात पायांची कुरूपे काढणारा एक मनुष्य होता. चेंडू एकामागून एक उडवून झेलण्यात तो निष्णात होता. रोबेरने दहा फ्रँक देऊन त्याची शिकवणी धरली व महिनाभरात ती विद्या हस्तगत केली. पुढे तर चार चेंडू झेलीत असतानाच समोर ठेवलेले पुस्तक वाचण्याची त्याने सवय केली. हातांनी आपले काम करावे व डोळ्यांनी आपले, हा त्याचा हेतू होता.

त्याने आपल्या कोटाला मोठे खिसे शिवून घेतले. रस्त्याने जाताना हात खिशात असत, पण ते स्वस्थ नसत; बोटे नाण्यांशी व पत्त्यांशी झटत असत. जेवताना एका हाताने सूप घ्यावे व दुसऱ्या हाताने पत्ते वरखाली करण्याचा सराव करावा, असा त्याचा क्रम असे. ही सर्व हकीकत त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

हाच घड्याळजी पुढे रोबेर-ऊदँ या नावाने प्रसिद्धीस आला. ३ जुलै १८४५ रोजी पॅरिसमध्ये त्याने स्वतःचे नाट्यगृह उघडले. घड्याळाची विद्याही वाया गेली नाही. त्याने रचलेली चमत्कारिक यंत्रे पाहून प्रेक्षक थक्क होत. १८७१ साली तो वारला. त्याच्या ब्ल्वा गावी आज जादूचे संग्रहालय उभे आहे.

आता जादूचे खेळ पुस्तकांप्रमाणेच चित्रफितींतूनही शिकता येतात. तरी अडचण जुनीच आहे. शिकविणारा समोर तोंड करून उभा असल्यामुळे त्याचा उजवा हात पाहणाऱ्याच्या डावीकडे दिसतो. बोटे भराभर चालतात आणि नेमकी महत्त्वाची हालचाल तळहातामागे झाकली जाते. अशा वेळी चित्रफीत थांबवून एकेक हालचाल वेगळी करावी, ती आरशासमोर सावकाश करून पाहावी व ती बिनचूक जमल्यावरच पुढची घ्यावी. शिकविणाऱ्याने जे सांगायचे राहिले, ते रोबेरप्रमाणे स्वतःच्या हातांकडून शिकून घ्यावे लागते.