घटक ६ : अंकीय मानव्यविद्या : परिषद, कार्यशाळा आणि मराठीचा अभ्यासक

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास अंकीय मानव्यविद्या ही संज्ञा स्पष्ट करता येईल. परिषद, चर्चासत्र आणि कार्यशाळा यांतील भेद सांगता येईल. मराठी मजकुराच्या संगणकीय विश्लेषणात व्याकरणाची गरज कोठे पडते हे सोदाहरण दाखविता येईल. तसेच आपल्या परिसरातील सामग्रीवर आधारित निबंधाचा गोषवारा लिहिता येईल.

६.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला आणि सांगली शहराच्या मोठ्या भागात कित्येक दिवस पाणी राहिले. घरे आणि दुकाने यांच्याबरोबर ग्रंथसंग्रहही भिजले. भिजलेला कागद वाळवता येतो; परंतु एकमेकांना चिकटलेली पाने पुन्हा क्वचितच सुटतात. त्यानंतर या परिसरात एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले : ‘आता सगळे डिजिटल करून ठेवले पाहिजे.’

भावना योग्य आहे. परंतु ‘डिजिटल करणे’ म्हणजे नेमके काय, हे विचारले की बहुतेक जण पानांची छायाचित्रे काढणे असे उत्तर देतात. छायाचित्रामुळे पान पुरापासून वाचते, मात्र ते संगणकाला वाचता येत नाही. त्याच्या दृष्टीने ते घराच्या किंवा झाडाच्या छायाचित्रासारखेच एक चित्र असते. त्यातील शब्द शोधता, मोजता किंवा परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत. चित्रापासून मजकुरापर्यंत आणि मजकुरापासून अभ्यासापर्यंतचा प्रवास कसा करावयाचा, हे शिकण्याची आणि त्यावर वाद घालण्याची जागा म्हणजे या विषयाच्या कार्यशाळा आणि परिषदा होत. तेथे मराठीच्या विद्यार्थ्याने काय घेऊन जावे, हा प्रस्तुत घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

६.३ संज्ञा आणि मेळाव्यांचे प्रकार

भाषा, साहित्य, इतिहास, कला यांच्या अभ्यासात संगणकीय पद्धतींचा उपयोग करणे आणि त्याच वेळी त्या पद्धतींची चिकित्सा करणे, म्हणजे अंकीय मानव्यविद्या. ‘अंकीय’ हा शब्द काहींना जड वाटतो. बोलताना आपण ‘डिजिटल’ म्हटले तरी बिघडत नाही. परीक्षेत दोन्ही शब्द ग्राह्य आहेत.

या विद्याशाखेचा आरंभ बहुधा १९४९ पासून मानला जातो. रॉबर्टो बुसा या इटालियन जेझुइट धर्मगुरूंनी थॉमस अक्वायनस याच्या लॅटिन ग्रंथांची संपूर्ण शब्दसूची करण्यासाठी आयबीएम कंपनीचे साहाय्य मिळविले. या कामाला सुमारे तीन दशके लागली आणि छापील सूचीचे ५६ खंड झाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. बुसा यांच्या शोधाचे मूळ लॅटिनमधील ‘इन’ या चिमुकल्या अव्ययात होते. ‘आत, मध्ये’ असा अर्थ देणारा हा शब्द लॅटिनमध्ये सुटा लिहिला जातो. मराठीत तेच काम ‘घरात’मधील ‘त’ करतो, आणि तो शब्दाला चिकटलेला असतो. हा फरक ध्यानात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

परिषदेत अनेक अभ्यासक आपले पूर्ण झालेले किंवा चालू असलेले संशोधन मांडतात. चर्चासत्र एखाद्या मर्यादित विषयापुरते असते. कार्यशाळेत मात्र ऐकण्यापेक्षा करण्याला महत्त्व असते. जगातील अंकीय मानव्यविद्या संघटनांची वार्षिक आंतरराष्ट्रीय परिषद दरवर्षी निराळ्या देशात भरते. भारतात ‘धरती’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी अभ्यासकांची संघटना २०१८ पासूनच्या प्रयत्नांतून उभी राहिली. अंकीय कलांचे मेळावे वेगळे असतात. ऑस्ट्रियातील लिंझ शहरात १९७९ मध्ये सुरू झालेला ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ हा महोत्सव त्यांपैकी सर्वांत परिचित होय.

आगामी परिषदांची यादी या पुस्तिकेत हेतुतः दिलेली नाही. पुस्तिका आपल्या हाती पडेपर्यंत तारखा उलटून गेलेल्या असतात. त्यापेक्षा परिपत्रक वाचावयास शिकणे उपयोगाचे. त्यात विषयसूत्र, गोषवाऱ्याची शब्दमर्यादा, तो पाठविण्याची अंतिम तारीख, शुल्क आणि दूरस्थ सहभागाची सोय या गोष्टी पाहाव्यात. आपल्यापैकी अनेक जण नोकरी किंवा शेती सांभाळून शिकतात; त्यांनी शेवटची बाब प्रथम पाहावी. निबंधांची निवड कोण करणार याचा ज्या परिपत्रकात उल्लेख नाही, परंतु शुल्क आणि प्रमाणपत्र यांचा मात्र ठळक उल्लेख आहे, त्यापासून दूर राहिलेले बरे.

६.४ ‘पाणी’ या शब्दाची मोजणी

काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यात झालेल्या एका कार्यशाळेत प्रस्तुत लेखक मार्गदर्शक म्हणून उपस्थित होता. माणदेशातील वृद्ध स्त्री-पुरुषांनी सांगितलेल्या दुष्काळाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून, त्या जशा बोलल्या गेल्या तशाच टंकलिखित केल्या होत्या. तो मजकूर शब्दगणनेच्या एका सुविधेत घालून आम्ही वारंवारता काढली. ‘पाणी’ हा शब्द यादीत फार खाली आला. दुष्काळाच्या आठवणींत पाणीच नाही! प्रस्तुत लेखकाने फळ्याजवळ उभे राहून या ‘मौना’वर बऱ्यापैकी भाष्यही केले. ज्या गोष्टीचा अभाव असतो तिचे नाव घेणे माणसे टाळतात, असे काहीसे ते विवेचन होते.

मागील बाकावरील एक विद्यार्थिनी, आटपाडीकडील, वय चाळिशीच्या आसपास, उठून म्हणाली, “सर, आमच्याकडं पानी म्हणत्यात. आणि नुसतं पानी कोण म्हणतंय? पान्याला गेलो, पान्यापायी भांडलो, पान्यावाचून जनावरं विकली, असंच बोलत्यात की.”

तिचे म्हणणे अचूक होते. यंत्राने ‘पाणी’ ही अक्षरे शोधली. बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ होता, ही पहिली चूक. दुसरी चूक अधिक मूलभूत होती. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी ‘पाणी’चे सामान्यरूप ‘पाण्या’ होते. ‘पाण्याला’, ‘पाण्यात’, ‘पाण्यासाठी’ यांत ‘पाणी’ ही अक्षरे सलग कोठेच येत नाहीत. माणसाला जो एकच शब्द दिसतो, तो यंत्राने अनेक निरनिराळे शब्द म्हणून वाटून टाकला होता. मग ‘पान’ या अक्षरांनी सुरू होणारे सर्व शब्द एकत्र करावेत, असे कोणी सुचविले. तसे करताच झाडाची पाने आणि विड्याची पानेही पाण्यात मिसळली. प्रमाण लेखनातील ‘पाण’ घेतले असते, तर शेतावर जाणारी पाणंद आत आली असती. शेवटी सर्व रूपांची यादी हाताने करावी लागली. ती त्या विद्यार्थिनीने केली. नव्या मोजणीत हा शब्द यादीच्या अगदी वरच्या भागात आला, आणि प्रस्तुत लेखकाचे मौनावरील भाष्य फळ्यावरून पुसले गेले.

ज्याला आपण शाळेत ‘सामान्यरूप’ म्हणून पाठ केले आणि विसरून गेलो, तो या ठिकाणी संशोधनाचा कणा ठरतो. इंग्रजीसाठी घडविलेल्या साधनांत ही व्यवस्था नसते, कारण त्या भाषेला तिची फारशी गरज नसते. कार्यशाळेत संगणकतज्ज्ञ असतोच. पण ‘पान्यापायी’ हे ‘पाणी’चेच रूप आहे, हे त्याला सांगणारा मराठीचा जाणकार असेलच असे नाही.

६.५ दोन जिल्ह्यांची नावे

हीच गोष्ट आपल्या दोन जिल्ह्यांच्या नावांवर ताडून पाहा. ‘सांगली’ला प्रत्यय लागताना बदल होत नाही : सांगलीत, सांगलीला, सांगलीचा. ‘सातारा’चे मात्र साताऱ्यात, साताऱ्याला, साताऱ्याचा असे होते. वृत्तपत्रांच्या एखाद्या संग्रहात ‘सांगली’ आणि ‘सातारा’ ही अक्षरे शोधली, तर सांगलीची सर्व रूपे सापडतील आणि साताऱ्याची बहुतेक निसटतील. या आकड्यांवरून ‘वृत्तपत्रांनी साताऱ्याकडे दुर्लक्ष केले’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो केवळ आकारान्त नामाच्या सामान्यरूपामुळे निघालेला असेल.

अडचण येथे संपत नाही. ‘साताऱ्यात’मधील अर्धा ‘ऱ’ युनिकोड या सांकेतिक व्यवस्थेत दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त चिन्ह वापरतात. दुसऱ्यात नेहमीचा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती वेगळी असतात. एक शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. ज्यांना यांपैकी काहीच टंकित करता येत नाही ते ‘सातार्यात’ असे लिहितात. याच घाईत ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि कोयनाकाठच्या डोंगरात समुद्र येतो. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतील अंतर तर आपणास ठाऊकच आहे.

युनिकोडपूर्व काळातील मजकुराची अवस्था याहून बिकट आहे. त्या वेळी स्मरणिका आणि नियतकालिके खासगी फाँटांत जुळविली जात. तो फाँट नसेल तर आज ती फाईल उघडल्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. फाईल सुरक्षित असूनही मजकूर हरवलेला, असा हा पूर न येता झालेला नाश आहे.

६.६ सामग्रीची निवड

परिषदेसाठी विषय दूर शोधावा लागत नाही. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आज विश्वकोशातील नोंदी महाजालावर वाचता येतात. छापील कोशात वाचक वर्णानुक्रमाने फिरतो, पडद्यावर तो एका नोंदीवरून दुसरीवर उडी मारतो. त्यामुळे वाचन कसे बदलते, हा स्वतंत्र निबंधाचा विषय होऊ शकेल.

सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले. पुढे सांगलीजवळील हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. नाट्यसंहितेत पात्र, संवाद, पद आणि रंगसूचना या घटकांना वेगवेगळ्या खुणा करून ठेवण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धती आहे. तिची आखणी १९८७ पासून सुरू झाली. खुणा केल्यावर प्रश्न विचारता येतात. ज्या मुलीचे लग्न जरठाशी ठरविले जात आहे, तिला स्वतःला बोलण्यास किती जागा मिळते? ते लग्न ठरविणाऱ्या पुरुषांना किती? तिचे म्हणणे गद्यात अधिक येते की पदांत? वाचताना आपण याचा अदमास घेतलेला असतो. खुणांमुळे तो पडताळता येतो.

येथे स्वामित्व हक्काचा विचार अपरिहार्य आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. देवल १९१६ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांची संहिता मुक्त आहे. मात्र अलीकडील आवृत्तीची प्रस्तावना आणि टिपा मुक्त असतीलच असे नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांचे निधन १९६९ चे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत राहतो. ते साहित्य अभ्यासावे, त्यावर लिहावे. पण संपूर्ण संहिता परवानगीविना महाजालावर ठेवू नये. बोलीचे ध्वनिमुद्रण करताना तर बोलणाऱ्याची संमती आधी घ्यावी आणि ध्वनिफीत कोण ऐकणार आहे हे त्याला त्याच्या भाषेत सांगावे.

६.७ गोषवारा

गोषवाऱ्यात प्रश्न, सामग्री, पद्धती आणि मर्यादा एवढे असले की पुरे. ‘आजच्या माहिती-तंत्रज्ञानाच्या युगात’ अशी सुरुवात करू नये. निवड करणाऱ्याने त्या दिवशी तशी अनेक वाक्ये वाचलेली असतात. मर्यादा लिहिण्यास विद्यार्थी कचरतात. वास्तविक, ‘ही मोजणी केवळ एका आवृत्तीवर आधारलेली आहे’ असे लिहिणाऱ्यावर परीक्षक अधिक विश्वास ठेवतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पानाचे छायाचित्र आणि संगणकीय मजकूर यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
२. ‘विहीर’, ‘ओढा’, ‘तळे’ आणि ‘नदी’ यांची प्रत्ययापूर्वीची रूपे लिहा. यांपैकी कोणत्या शब्दाची मोजणी यंत्र सर्वाधिक चुकवील? कारण द्या.

क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा घरातील एका वृद्ध व्यक्तीची, तिच्या संमतीने, दहा मिनिटांची आठवण ध्वनिमुद्रित करा. ती बोलल्याप्रमाणेच लिहून काढा. प्रमाण भाषेत सुधारू नका. त्यातील कोणत्याही एका नामाची सर्व रूपे शोधून प्रथम हाताने आणि नंतर संगणकावर मोजा. दोन्ही उत्तरे, त्यांतील तफावत आणि तिची कारणे दोन पृष्ठांत लिहून संपर्कसत्रास येताना सोबत आणा.