यादी आणि यादीचा मालक

चि. मृण्मयी,


तुझा कोड पाहिला. पुस्तकं फायलीत उतरतात, पण वाचनालयाचं नाव आणि स्थापनावर्ष गायब होतं, आणि एररही येत नाही. एरर आली असती तर बरं झालं असतं, निदान तुझी रात्र वाचली असती.

‘ग्रंथसंग्रह’ हा क्लास तू थेट लिस्टवरून इनहेरिट केलास, तिथे सगळं अडलं. डॉटनेटच्या एक्सएमएल सिरियलायझरला एखादा क्लास कलेक्शन दिसला, की तो आतल्या वस्तू एकेक करून लिहितो. क्लासच्या स्वतःच्या प्रॉपर्टींकडे ढुंकूनही पाहत नाही. हा बग नव्हे, त्याचा नियमच तसा आहे. फायलीचा पहिला टॅग वाच: ‘अ‍ॅरे ऑफ पुस्तक’. तुझ्या क्लासचं नावसुद्धा त्याने घेतलेलं नाही!

ग्रंथसंग्रह ही यादी नाही गं, त्याच्याकडे यादी आहे. तेव्हा इनहेरिटन्स काढ आणि लिस्ट एक पब्लिक प्रॉपर्टी म्हणून आत ठेव. शेजारी नाव आणि वर्ष निमूट उतरतील. टॅगांची नावं आपल्या मनासारखी हवीत तर ‘एक्सएमएल अ‍ॅरे’ आणि ‘एक्सएमएल अ‍ॅरे आयटम’ ही अ‍ॅट्रिब्यूट्स आहेत. बाहेरचा टॅगच नको असेल तर लिस्टवर ‘एक्सएमएल एलिमेंट’ लाव. पुढे पुस्तकावरून मासिकाचा क्लास काढशील, तेव्हा पुस्तकावर ‘एक्सएमएल इन्क्लूड’ लावून तो प्रकार आधी कळव. नाहीतर लिहितानाच अडेल. डिक्शनरीला मात्र हा सिरियलायझर सरळ नकार देतो.

‘आय एक्सएमएल सिरियलायझेबल’ इंटरफेस लिहून सगळं हातात घेण्याचा मोह तुला होईल. तूर्त नको. त्यात वाचताना शेवटचा टॅग आपणच ओलांडावा लागतो, आणि तो राहिला की चूक भलतीकडेच दिसते.

आणखी एक. कन्स्ट्रक्टरमध्ये तू नमुन्याची दोन पुस्तकं भरून ठेवली आहेस, ती काढ. फाइल वाचताना सिरियलायझर आधी कन्स्ट्रक्टर चालवतो आणि मग तयार लिस्टमध्येच भर घालतो. म्हणजे दर वेळी वाचून पुन्हा लिहिलं की ती दोन पुस्तकं वाढत जाणार. टेस्टमध्ये लिहून परत वाच आणि संख्येबरोबर नाव-वर्षही ताडून पाहा. परवा नुसती संख्या मोजली असतीस तर नाव गेल्याचं कळलंच नसतं. रिकामा संग्रहही एकदा लिहून वाचून बघ.

दुरुस्त कोड रविवारपर्यंत पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा