संगणकांची नियतकालिक तपासणी : वेळापत्रक आणि ताळमेळ

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांचा समृद्ध संग्रह आहे. दुसरे सरफोजीराजे यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या राजवटीत तो विशेष वाढविला. कावेरीकाठच्या उष्ण, दमट हवेत ताडपत्रांना आणि कागदाला किडीचे भय कायमचे. गवती चहाच्या तेलाचा हात फिरविणे हा ताडपत्रे जपण्याचा दक्षिणेतील जुना उपाय होय. परंतु तेल एकदा लावून भागत नाही. पोथी ठरावीक काळाने सोडून पाहावी लागते. ज्या कपाटाकडे कोणी फिरकले नाही, तेथेच कीड निर्वेधपणे वाढते. कार्यालयातील संगणकांची गोष्ट याहून वेगळी नाही.

कुंभकोणमचा धडा

तंजावूर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे १९०४ साली स्थापन झालेल्या सिटी युनियन बँकेचे मुख्यालय आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये या बँकेच्या स्विफ्ट प्रणालीतून सुमारे २० लाख डॉलरचे तीन बनावट संदेश परदेशी पाठविण्यात आले. बँकेने स्वतःच जाहीर केल्यानुसार, ६ फेब्रुवारी रोजी हल्लेखोरांनी या प्रणालीस जोडलेला मुद्रक निकामी केला होता. त्यामुळे व्यवहारांच्या पोचपावत्या छापल्याच गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी, ७ फेब्रुवारीच्या सकाळी, नित्याचा ताळमेळ घेताना हे व्यवहार उघडकीस आले. दुबईकडे निघालेली ५ लाख डॉलरची रक्कम तत्काळ अडविता आली. त्यापूर्वी दोन वर्षे, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर गेले, तेव्हाही मुद्रक असाच मुका झाला होता.

दोन्ही प्रसंगांतील धोक्याची खूण एकच होती : जो कागद यावयास हवा होता, तो आला नाही. संगणकांच्या तपासणीतही हेच सूत्र लक्षात ठेवावे लागते. अहवाल न येणे म्हणजे सारे ठीक असणे नव्हे.

तपासणीचे प्रकार

विषाणूरोधक प्रणाली एखादी फाईल उघडताक्षणी तिची तपासणी करते. हा पहारा अखंड चालतो. परंतु फाईल आली त्या दिवशी जो विषाणू प्रणालीस ठाऊक नव्हता, तो आत येऊन पडून राहू शकतो. त्याची ओळख विषाणूंच्या यादीत पुढे दाखल होते. त्यासाठीच साठविलेल्या फाईलींवरून पुन्हा नजर फिरविणे आवश्यक ठरते. त्वरित तपासणीत केवळ स्मृती आणि संगणक सुरू होताना चालणारे भाग पाहिले जातात. ती रोज करता येते. संपूर्ण तपासणीत सर्व फाईली पाहिल्या जातात. तीस काही तास लागू शकतात व ती सामान्यतः आठवड्यातून एकदा योजली जाते.

वेळापत्रकाची आखणी

समजा, तंजावूरमधील एका शाखेत २४ संगणक आहेत. सर्वांची संपूर्ण तपासणी सोमवारी सकाळी १० वाजता सुरू झाली, तर काउंटरवरील कामकाज मंदावेल आणि ग्राहकांची रांग दारापर्यंत जाईल. कंटाळून एखादा कर्मचारी तपासणी बंद करील. रात्री २ ची वेळ ठेवावी, तर संगणक बंद असतात. म्हणून पुढील गोष्टी पाळणे हिताचे ठरते.

१. संगणकांचे गट पाडावेत. सोमवार ते गुरुवार रोज ६ संगणक घेतल्यास चार दिवसांत २४ पूर्ण होतात आणि शुक्रवार राहिलेल्यांसाठी मोकळा राहतो. एका गटातही प्रारंभाच्या वेळा थोड्या विखुराव्यात.

२. आधी विषाणूंची यादी अद्ययावत करावी, मग तपासणी. जुन्या यादीने केलेली तपासणी जुनेच चोर ओळखते.

३. तपासणीने संगणकाची किती शक्ती वापरावी, यावर मर्यादा घालता येते. मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर प्रणालीत ही मर्यादा मुळात ५० टक्के ठेवलेली असते. काउंटरवरील संगणकांसाठी ती आणखी कमी करता येते. मात्र तपासणीस अधिक वेळ लागतो.

४. हुकलेली तपासणी संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आपोआप व्हावी, अशी व्यवस्था करावी. पोंगलच्या सलग सुट्ट्यांनंतर ही तरतूद विशेष उपयोगी पडते.

५. ३१ मार्चसारख्या वर्षअखेरीच्या दिवशी संपूर्ण तपासणी पुढे ढकलण्यास हरकत नाही. परंतु नवी तारीख लेखी नोंदवावी. तारखेविना पुढे ढकललेले काम बहुधा रद्दच झालेले असते.

अहवालाचा ताळमेळ

शुक्रवारी सायंकाळी व्यवस्थापकासमोर अहवाल येतो : ‘निर्दोष २२, बाधित ०.’ शून्य पाहून समाधान वाटते आणि कागद फाईलमध्ये जातो. परंतु जडसंग्रह नोंदवहीत संगणक २४ आहेत. उरलेले दोन कोठे आहेत? एक कदाचित दुरुस्तीस गेला असेल. दुसऱ्यावरील विषाणूरोधक प्रणाली कोणी बंद केली असेल, किंवा विषाणूनेच ती बंद पाडली असेल. या दोहोंतील फरक अहवाल सांगत नाही; तो जागेवर जाऊनच पाहावा लागतो. रोकड मोजताना दोन नोटांचा फरक आला तर रोखपाल घरी जात नाही. तोच नियम येथेही लागू करावा. निर्दोष, बाधित आणि अहवाल न आलेले यांची बेरीज नोंदवहीतील संख्येशी जुळल्याखेरीज आठवड्याची तपासणी पूर्ण समजू नये.

तपासणीच्या मर्यादाही ध्यानात ठेवणे इष्ट. अगदी नवा विषाणू तिच्या नजरेतून सुटू शकतो. प्रणालीतील उणिवा दूर करणारी अद्यतने आणि व्यवहारांचा दैनंदिन ताळमेळ यांची जागा ती घेऊ शकत नाही. बाधा आढळल्यास संगणक जाळ्यातून तत्काळ अलग करावा आणि वरिष्ठांस कळवावे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या सायबर घटनांची माहिती ६ तासांत देणे बंधनकारक करण्यात आले. परस्पर फाईली पुसून प्रकरण मिटविण्यात पुरावाच नष्ट होतो.

ग्राहकांनाही हा धडा उपयोगी आहे. घरच्या संगणकासाठी आठवड्यातील एक वार आणि वेळ ठरवावी आणि शेवटची तपासणी कधी पूर्ण झाली, ती तारीख स्वतः पाहावी. खात्यातील व्यवहारांचा नेहमी येणारा संदेश एकाएकी येईनासा झाला, तर तो आज ना उद्या येईल म्हणून थांबू नये. शाखेत चौकशी करावी. कुंभकोणमच्या त्या सकाळी रकमांचा माग लागला, तो कोणीतरी नेहमीप्रमाणे ताळमेळ घ्यावयास बसले म्हणूनच.