पुरसिस देण्याआधी

चि. राणी,


धुऱ्याच्या अपिलात दोघे भाऊ आपसात आले, हे ऐकून फार बरं वाटलं. खालच्या कोर्टात जिंकलेला धाकटा वाशीमच्या जिल्हा न्यायालयात थोरल्यापुढे दोन पावलं मागे येतो, याला मोठं मन लागतं.

पण ‘तडजोड झाली, अपील काढून टाकावे’ एवढीच पुरसिस देऊ नकोस. अपील जाईल आणि खालचा हुकूमनामा जसाच्या तसा उभा राहील. त्यात तर थोरल्याने धुऱ्यालगतच्या पट्ट्याचा ताबा सोडायचा आहे. ताब्याची दरखास्त बारा वर्षांपर्यंत लावता येते. उद्या धाकट्याच्या मुलाने ती लावली, तर थोरला काय दाखवणार?

म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 3 खाली अर्ज दे आणि खालचा हुकूमनामा तडजोडीप्रमाणे बदलून माग. 1976 च्या दुरुस्तीपासून अशी तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची लागते. बहिणी पक्षकार असतील तर त्यांच्याही सह्या घे. ‘त्यांचं काही म्हणणं नाही’ हे भावांच्या तोंडून ऐकून भागत नाही. मयत पक्षकाराच्या वारसांत कोणी अज्ञान असेल तर आधी कोर्टाची परवानगी काढ.

खरी मेहनत अटींत आहे. ‘पूर्वीचा धुरा कायम’ असं लिहू नकोस, दोन नांगरणीत धुरा सरकतो. भूमी अभिलेखच्या मोजणीची क प्रत जोड, खुणांचे दगड कुठे ते लिही. विहिरीचं पाणी ‘दोघांनी वापरावे’ म्हणजे पुन्हा भांडण. मोटर कोणाची, बिल कोण भरणार, रब्बीत लाईन रात्री आली तर त्या रात्री पाळी कोणाची, सगळं लिही. विहीर दाव्याच्या गटाबाहेर असेल तर तेवढ्यासाठी हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागेल, हे दोघांना आधीच सांग.

आपल्याच जिल्ह्यातलं शिरपूर बघ. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरात दिगंबर आणि श्वेतांबरांनी 1905 मध्ये पूजेच्या वेळा ठरवून घेतल्या. पण व्यवस्थापन आणि मूर्तीचा लेप यांवरून वाद पेटला, 1910 मध्ये अकोल्याला दावा पडला आणि प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन 1929 मध्ये त्याचा निकाल लागला. त्या निकालातही पूजेच्या वेळा मानल्या गेल्या. पुढे मंदिर कित्येक वर्षं बंद राहिलं, ते 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं. दोन्हीकडे श्रद्धाळू माणसं होती, कोणाच्या मनात खोट होती असं मला वाटत नाही. जे ठरवायचं राहून गेलं, त्यानेच पिढ्या खाल्ल्या.

तडजोडीच्या हुकूमनाम्यावर कलम 96(3) प्रमाणे अपील नाही, वेगळा दावाही नाही. हरकत घ्यायची तर त्याच कोर्टात. प्रकरण लोकअदालतीत ठेवलंस तर कोर्ट फी परत मिळते. थोरल्याला या हंगामात त्या पैशाचा आधार होईल.

मसुदा तयार झाला की सह्यांची घाई करू नकोस. शेतावर जा, दोघांना विहिरीजवळ बसव आणि त्यांच्या वऱ्हाडीत एकेक अट वाचून दाखव. थोरला पाण्याच्या अटीला नुसती मान हलवून गप्प राहिला, तर तिथेच थांब आणि पाळी पुन्हा विचार.

तुझा,
मामा