उंची माल, पण नावाचा डंका नको

सिलतऱ्यातल्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला सळई कशी पारखायची हे शिकवावे लागत नाही. घर बांधायला काढले, की तो सळईवर उठवलेली अक्षरे वाचतो. आयएसआयची खूण आहे का, मानक क्रमांक आयएस १७८६ आहे का, प्रत एफई ५०० आहे की एफई ५०० डी, हे बघतो. जाहिरातीत कोणता नट उभा आहे, याला तो किंमत देत नाही. घर नटावर उभे राहत नाही, सळईवर राहते, हे त्याला पक्के ठाऊक असते.

तोच माणूस लग्नसराईत रायपूरच्या मॉलमध्ये शर्ट घ्यायला गेला, की छातीवरचे चिन्ह आधी बघतो. कापड कोणते, शिवण कशी, हे नंतर. या पाठात आपण सळई पारखायची सवय कापड, चप्पल आणि दागिन्याकडे वळवणार आहोत. चांगली वस्तू घेऊच नका, असे हा पाठ सांगत नाही. चांगली वस्तू जरूर घ्या. पैसे मात्र चांगुलपणाचे द्या, डंक्याचे देऊ नका.

१. किंमत कशाकशाची बनते?

कोणत्याही वस्तूच्या किमतीत साधारण पाच भाग असतात : कच्चा माल, कारागिराची मजुरी, वाहतूक व दुकानाचा खर्च, कर आणि नाव. नाव म्हणजे जाहिरात, नटांचे मानधन, मॉलमधल्या झगमगत्या गाळ्याचे भाडे. पहिले दोन भाग वस्तूबरोबर तुमच्या घरी येतात आणि वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. नावाचा भाग बिल फाडले की संपतो. उलट छातीवर मोठा लोगो असेल, तर त्या कंपनीची जाहिरात तुम्ही स्वतःच्या पैशाने करत हिंडता.

मात्र नाव नेहमीच फुकट जाते असे नाही. प्रेशर कुकर, हेल्मेट, विजेची उपकरणे यांत नामांकित कंपनीबरोबर हमी, सुटे भाग आणि दुरुस्ती मिळते. ते नाव उपयोगाचे आहे. प्रश्न एवढाच विचारायचा : या नावाबरोबर मला लेखी काय मिळते?

जगातही नाव न मिरवणाऱ्या उंची मालाची मोठी परंपरा आहे. इटलीतली बोत्तेगा व्हेनेता ही १९६६ मध्ये सुरू झालेली कंपनी चामड्याच्या पट्ट्या विणून पिशव्या करते. ती वीण हीच तिची ओळख. जपानच्या मुजी या कंपनीच्या मूळ नावाचा अर्थच ‘बिननावाचा चांगला माल’ असा आहे. पण सावध राहा. लोगो नाही म्हणजे स्वस्त, असे मुळीच नाही. बोत्तेगाची पिशवी लाखांच्या घरात जाते. ‘साधेपणा’सुद्धा महाग विकता येतो. म्हणून आपली कसोटी लोगो आहे की नाही ही नसून, आत काय आहे ही आहे.

२. कोल्हापुरीचा धडा

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. सुरुवातीला त्यांचा उल्लेख नुसता चामडी सँडल असा होता. कोल्हापूरचे नाव नव्हते. महाराष्ट्रात ओरड झाली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले. त्यानंतर कंपनीने ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करार झाला. त्यातून तयार होणाऱ्या जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर असेल, अशा बातम्या आल्या.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. झाडपाल्याच्या अर्काने कमावलेले चामडे आणि हाताची शिवण ही तिची खासियत. असा चांगला जोड आपल्याकडे हजार-दोन हजारांत मिळतो.

दोन्ही जोड अगदी सारखे असतील असे नाही. पण किमतीतला एवढा मोठा फरक चामड्याचा आणि शिवणीचा असू शकत नाही. तो नावाचा आहे. ज्याला ते नाव हवे त्याने घ्यावे. आपल्या पायाला चामडे लागते.

३. आपल्या शेजारचा उंची माल : कोसा

यासाठी कोल्हापूरपर्यंत जायलाही नको. सिलतऱ्यावरून जाणारा रस्ता बिलासपूरला पोहोचतो आणि त्याच्या पुढे चांपा लागते. तिथले कोसा कापड देशभर नावाजलेले. ऐन (इकडे साजा म्हणतात), अर्जुन, साल अशा जंगली झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोषांपासून हा धागा निघतो आणि चांप्याचे देवांगण विणकर तो विणतात. चांप्याच्या रेशमी साडीला व कापडाला भौगोलिक मानांकन आहे.

विदर्भातून इकडे आलेल्या घरांना हा धागा नवा नाही. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते. नागपूर-भंडाऱ्याकडची करवतकाठी साडी आठवा : काठाला करवतीसारखे दाते आणि अंगात टसर. कोसा म्हणजे तेच टसर. आजीच्या पेटीतली करवतकाठी अजून नेसता येत असेल, तर उंची माल म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. तिच्यावर कुठे कुणाचे नाव नव्हते.

४. तीन प्रश्न, तीन खुणा

दुकानात गोंधळ होतो तो इथे. प्रत्येक सरकारी खूण एकाच प्रश्नाचे उत्तर देते.

पहिला प्रश्न : धागा खरा रेशमी आहे का? याचे उत्तर सिल्क मार्क देते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये ही खूण सुरू झाली. लेबलावर स्वतंत्र क्रमांक असतो.

दुसरा प्रश्न : कापड हातमागावर विणले आहे का? याचे उत्तर हँडलूम मार्क देते. सिल्क मार्क असलेली साडी यंत्रमागावरचीही असू शकते, हे ध्यानात ठेवा. हातमागाचे पैसे द्यायचे असतील तर ही दुसरी खूण मागा.

तिसरा प्रश्न : माल त्याच गावचा, त्याच पद्धतीचा आहे का? याचे उत्तर भौगोलिक मानांकन देते.

सोन्याला चौथी खूण. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बंधनकारक आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिन्याची शुद्धता कळते. सोने शुद्ध असेल तर पेढीचे नाव मोठे म्हणून ते अधिक शुद्ध होत नाही. फरक पडतो तो घडणावळीत. म्हणून दोन पेढ्यांत घडणावळीची टक्केवारी विचारा. साध्या बांगडीची घडणावळ सहसा कमी असते आणि मोडताना घडणावळ परत मिळत नाही.

५. हाताने आणि डोळ्याने पारख

खूण नसेल किंवा शंका असेल, तर हे बघा.

कापड उलटे करा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. मागे धागे लोंबत किंवा कापलेले दिसले, तर ती यंत्रावरची समजा.

फार गुळगुळीत असेल तर शंका घ्या. कोशाचा धागा किंचित जाड-बारीक असतो आणि त्याची मूळ झाक मंद, मधाळ असते. झगझगीत चमक बहुधा कृत्रिम धाग्याची.

लेबलावरचे शब्द नीट वाचा. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कलात्मक रेशीम नव्हे, कृत्रिम रेशीम. ‘सेमी पैठणी’ म्हणजे पैठणी नव्हे.

कडेचा एखादा सुटा धागा मिळाला, तर तो जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते.

शिवलेल्या कपड्यात शिवणीकडे बघा. टाके बारीक व सरळ आहेत का, आत जास्तीचे कापड सोडले आहे का, जादा बटण दिले आहे का? पुढे उसवून मोठा करता येणारा कपडा जास्त दिवस टिकतो.

शेवटी पक्के बिल घ्या आणि त्यावर मालाचे पूर्ण वर्णन लिहून घ्या : ‘शुद्ध कोसा, हातमाग’. नुसते ‘साडी १ नग’ लिहिलेले बिल तक्रारीच्या वेळी फारसे कामाला येत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

६. एका वापराचा खर्च

वस्तू महाग की स्वस्त, हे चिठ्ठीवरच्या किमतीवरून ठरवू नका. किंमत भागिले वापर, हा हिशेब करा. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत; आपले आकडे घालून बघा.

लोगोवाला टी-शर्ट : ₹२,४००. छाप तडकेपर्यंत ६० वेळा घातला. एका वेळचा खर्च ₹४०.
साधा, चांगल्या सुती कापडाचा शर्ट : ₹१,५००. १२० वेळा घातला. एका वेळचा खर्च ₹१२.५०.
झगझगीत कृत्रिम साडी : ₹४,०००. ८ वेळा नेसून कपाटात. एका वेळचा खर्च ₹५००.
कोसा साडी : ₹१२,०००. वर्षातून ४ वेळा, २० वर्षे, म्हणजे ८० वेळा. एका वेळचा खर्च ₹१५०.

तिप्पट किमतीची साडी इथे स्वस्त पडली. पण एक अट आहे : ती खरोखर ८० वेळा नेसली पाहिजे. लग्नात एकदाच मिरवून पेटीत ठेवायची असेल, तर तो एकदा नेसण्याचा खर्च ₹१२,००० आहे.

७. पैसे आणायचे कुठून?

चांगली वस्तू चुकीच्या पैशाने घेतली, तर हिशेब उलटतो. वरचीच ₹१२,००० ची साडी घेऊ.

क्रेडिट कार्डाने घेतली आणि बिल मुदतीत भरले नाही, तर महिना ३.५ टक्के दराने एका महिन्याचे व्याज ₹४२० होते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ₹४९६.

आता उलट बाजू. लग्न वर्षभराने आहे, म्हणून महिना ₹१,००० ची आवर्ती ठेव सुरू केली. ६.५ टक्के दराने वर्षाअखेर ₹१२,००० वर व्याज मिळते ₹४२० पेक्षा थोडे जास्त.

म्हणजे ठेव वर्षभरात जेवढे देते, तेवढे कार्ड एका महिन्यात घेऊन जाते.

‘बिनव्याजी हप्त्यां’बाबतही जपा. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज बहुधा दुसऱ्या नावाने वसूल होते, याकडे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांचे लक्ष वेधले होते. दुकानात दोनच प्रश्न विचारा : रोख दिले तर किंमत किती, आणि प्रक्रिया शुल्क किती? समजा, घड्याळ ₹३,००० च्या सहा हप्त्यांत ‘बिनव्याजी’ मिळते, पण रोखीने ₹१६,८०० ला मिळते आणि शुल्क ₹१९९ आहे. मग तुम्ही ₹१,३९९ जास्त देत आहात. व्याज आहेच, फक्त त्याचे नाव बदलले आहे.

लग्नसराईच्या तोंडावर आमच्या शाखेत चालू आवर्ती ठेव मोडायला खातेदार येतात. मुदतीआधी मोडल्याने व्याज घटते, पण ते नुकसान लहान. मुलीच्या शिक्षणासाठी दोन वर्षे नेटाने चालवलेली सवय एका बॅगेसाठी तुटते, हे नुकसान मोठे. ठेकेदारी कामात महिना-दोन महिने काम नसेल, तेव्हा घर चालवायला तीच ठेव उपयोगी पडते. बॅगेवरचा लोगो किराणा दुकानात चालत नाही. म्हणून हौसेची आवर्ती ठेव वेगळी ठेवा आणि गरजेच्या ठेवीला हौसेसाठी हात लावू नका.

लक्षात ठेवा

नाव बघण्याआधी माल बघा.
धागा, माग आणि गाव यांच्या खुणा वेगवेगळ्या आहेत. ज्याचे पैसे देता त्याची खूण मागा.
किंमत भागिले वापर, हा हिशेब खरेदीआधी करा.
हौस आधी साठवलेल्या पैशाने करा, पुढच्या पगारावर नको.

स्वाध्याय

१. घरातली सर्वांत जास्त वर्षे टिकलेली तीन कापडे किंवा वस्तू काढा. त्यांवर लोगो आहे का? त्या किती वेळा वापरल्या, याचा अंदाज करून एका वापराचा खर्च काढा.
२. गेल्या वर्षी घेतलेली सर्वांत महाग हौसेची वस्तू निवडा. तिचाही तसाच खर्च काढा आणि वरच्या तीन वस्तूंशी ताडून बघा.
३. पुढच्या वर्षीच्या एका खरेदीचे नाव व रक्कम लिहा. तिला १२ ने भागा. आलेला आकडा दर महिन्याला वेगळा काढणे जमत नसेल, तर ती वस्तू सध्या आपल्याला महाग आहे. मुदत १८ महिने करा किंवा वस्तू बदला.